मे महिन्यात देवरुखकडे गावी जातोय, सकाळी पक्षी आणि फुलपाखरं दोन्ही बघायची तर किती वाजता निघावं?

परसातली चिमणी

नमस्कार मंडळी, १० मे ला आम्ही पुण्याहून माझ्या माहेरी चाललोय, देवरुखपासून थोडं आत गाव आहे, संगमेश्वर तालुका. यंदा जवळजवळ तीन आठवडे मुक्काम. मुलगी ९ वर्षांची आहे, तिला दोन वर्षांपासून पक्ष्यांचं वेड लागलंय. आमच्या सोसायटीतले तांबट, शिंजीर, दयाळ, दोन्ही बुलबुल सगळे आवाजावरून ओळखते, आणि गेल्या पावसाळ्यापासून फुलपाखरं पण सुरू झालीयेत.

अडचण अशी की गेल्या मे मध्ये पण आम्ही गेलो होतो, तेव्हा पहिल्या दिवशी सहाला निघालो, आवाज नुसते चहूबाजूंनी येत होते पण झाडी एवढी दाट की एक भारद्वाज सोडला तर नीट काही दिसलं नाही, आणि फुलपाखरू तर एकही नाही. मग दुसऱ्या दिवशी म्हटलं फुलपाखरांसाठी उशिरा जाऊ, साडेनऊला निघालो तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पोचेपर्यंत घामाने निथळलो, ती लालबुंद झाली आणि अर्ध्या तासात परत आलो. त्यानंतर ती म्हणाली आई गावाला काहीच नसतं, सोसायटीतच जास्त दिसतं. हे मला फार लागलं, कारण मी त्याच गावात वाढलेय आणि मला माहितीये तिथं काय काय आहे, फक्त लहानपणी आम्ही मुद्दाम बघायला कधी जात नव्हतो, काजू गोळा करताना, पऱ्ह्यावर (ओढ्यावर) धुणं न्यायचो तेव्हा आपोआप दिसायचं, त्यामुळे कुठं आणि कधी बघायचं ते आता सांगता येत नाही.

तर विचारायचं असं की एकाच सकाळी दोन्ही बघता येईल का? किती वाजता निघायचं, कुठं थांबायचं? दुर्बीण घ्यायची तर तिच्या हाताला झेपेल अशी कुठली? घराच्या खाली पऱ्ह्या आहे, मे मध्ये वाहत नाही पण एक कोंड, म्हणजे खोल डबकं, भरलेली असते. वर काजूची बाग, त्याच्या वर कातळ. जवळ देवराई आहे. प्लीज जरा सविस्तर सांगा.

कातळसडा

ताई तुम्ही सहाला पण बरोबर गेलात आणि साडेनऊला पण, मधले दोन तास तेवढे राहिले बघा. मी तुमच्याच तालुक्यातला, आंबा-काजूची बाग आहे, उन्हाळ्यात रोज पहाटे राखणीला बागेत जावंच लागतं म्हणून हे सगळं बघणं होतं.

पक्षी उजाडायच्या आधी सुरू होतात आणि आमच्याकडे मे मध्ये साडेआठनंतर एकदम गप्प होतात, सावलीला जाऊन बसतात. फुलपाखराचं उलटं आहे, त्याचं अंग स्वतःहून गरम राहत नाही, रात्रभर ते पानाखाली लटकून असतं आणि सकाळी अंगावर ऊन पडून पंखांचे स्नायू तापले की मगच उडतं. म्हणून सहाला तुम्हाला दिसलं नाही, ते तिथंच होतं, तुमच्या डोक्याजवळच्या पानाखाली पंख मिटून. साधारण साडेसातपासून जिथं उन्हाची पहिली तिरीप पडते तिथं बघा, पानावर पंख पूर्ण उघडून बसलेली दिसतात, आणि ती वेळ लहान मुलांसाठी सगळ्यात चांगली कारण तेव्हा ती पटकन उडत नाहीत, अगदी दोन हातांवर जाता येतं.

आता तुमच्या घराचं जे वर्णन केलंत त्याप्रमाणे मी असा गेलो असतो. साडेपाचला उठून अंगणात नुसतं बसायचं, कुठं जायचं नाही. पऱ्ह्याच्या बाजूने शीळ ऐकू येईल, म्हणजे अगदी माणूस काम करता करता शीळ घालतोय, चाल धरतोय आणि मधेच विसरतोय अशी. तो मलबारी शीळकरी कस्तूर. इंग्रज त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हणायचे. पाऊस जवळ येतो तशी त्याची शीळ वाढत जाते आणि पहाटे अंधारातच जास्त असते, उजाडल्यावर कमी. मग दयाळ सुरू होतो, मग कोकीळ, मग पावशा. पावशाचं पेरते व्हा पेरते व्हा मुलीला माहितीच असेल, नसेल तर आजीला विचारायला सांगा, आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना तो ओरडला की बियाण्याची आठवण होते.

सहा ते सव्वासात पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, वर चालायचं, पण हळू. पन्नास पावलं चालायची आणि दोन मिनिटं थांबायचं. चालताना पक्षी दिसत नाहीत, थांबल्यावर दिसतात, कारण दाट झाडीत आपल्याला पक्षी दिसत नसतो, हललेलं पान दिसत असतं, आणि आपणच हलत असलो तर सगळंच हलतं. गेल्या वर्षी तुम्हाला दिसलं नाही त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

मग एक उंबराचं नाहीतर वडाचं झाड गाठा, ज्याची फळं पिकलीयेत असं. खाली सडा पडलेला असतो त्यावरून कळतं. त्याच्यापासून लांब, गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, टेकून बसा. न्याहारी तिथंच करा, घावन-चटणी बांधून न्या, मूल खात असलं की अर्धा तास एका जागी बसतं. एका उंबरावर मी एका सकाळी कुटुर्गा, तांबट, हळद्या, हरियाल, दोन जातीचे बुलबुल आणि धनेश एवढे बघितलेत. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, पिवळ्या पायाचं हिरवं कबूतर, ते पानात इतकं मिसळतं की फळ खाली पडलं की मग वर बघायचं.

धनेशाबद्दल मुद्दाम लिहितो कारण देवरुख भागातल्या देवरायांत मोठा धनेश अजून आहे आणि हे सगळीकडे राहिलेलं नाही. आमच्याकडे जुनी माणसं त्याला गरुडच म्हणतात. तो येतो ते आधी ऐकू येतं, पंखांचा आवाज कोळशाच्या इंजिनासारखा, भक् भक् भक्, मुलगी वर बघायच्या आधी घाबरेल. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला आतून लिंपून कोंडून घेते, विष्ठा आणि फळांचा चोथा वापरून, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि महिनोन्‌महिने नर तिला आणि पिल्लाला भरवतो. मी एकदा बराच लांबून, दुर्बिणीतून बघितलंय, नर येऊन खोडाला चिकटून बसला आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढायला लागला, चोचीच्या टोकावर धरायचा, फटीत द्यायचा, परत मान हलवायची की पुढचं उंबर वर. मी मोजत होतो, वीसच्या पुढं गेल्यावर मोजायचं सोडून नुसता बघत राहिलो.

पण कळकळीने सांगतो, ढोली कुठं आहे ते कुणी सांगितलं तरी जवळ जाऊ नका. माणूस खाली उभा असला तर नर येत नाही, लांब झाडावर बसून राहतो आणि आत दोन जीव उपाशी असतात. मे च्या सुरुवातीला काही ढोल्यांत पिल्लं अजून आत असतात. फळाच्या झाडावर बघा, तिथं तो मोकळा असतो.

आता फुलपाखरं. सव्वाआठच्या सुमारास खाली कोंडीवर या, कारण उन्हाळ्यात फुलं कमी, गवत वाळलेलं, फुलपाखरांना लागतो तो ओला चिखल. कोंडीच्या कडेला जिथं वाळू ओली राहते तिथं नर येऊन बसतात आणि सोंडेने ओल शोषतात. पाण्यासाठी नाही, पाण्यातल्या क्षारांसाठी, मिठासाठी, ते मादीला देतात मिलनाच्या वेळी आणि अंड्यांना उपयोगी पडतं. याला चिखलपान म्हणतात. कॉमन जे, ब्लूबॉटल, इमिग्रंट हे तर एका जागी दहा दहा, वीस वीस मिळून बसतात. मुलीला सांगा पोटावर झोपून जवळून बघ, कॉमन जे सोंडेने ओल ओढत असतो आणि मागच्या टोकातून टप टप थेंब सोडत असतो, पाणी नको असतं त्याला, मीठ ठेवून घ्यायचं आणि पाणी टाकून द्यायचं. तिची सावली तेवढी अंगावर पडू देऊ नका, सावली पडली की सगळा थवा उठतो. उठला तरी हलू नका, तीन-चार मिनिटांत परत बसतो.

ब्लू मॉर्मन तुमच्याकडे नक्की दिसेल. राणी पाकोळी. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू जाहीर केलं तेव्हा असं फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य होतं. पंख पसरले तर १२ ते १५ सेंटीमीटर, काळ्यावर निळसर पांढरी झाक, लांबून चिमणी उडतेय असं वाटतं.

साडेनऊला घरी. पूर्ण बूट घाला दोघींनी, कातळावर फुरसं (विषारी साप) असतं, दगडात हात घालू देऊ नका.

पुणेरी दुर्बीण

वरचं उत्तर फार छान. मी फक्त दुर्बिणीचं सांगतो. दुर्बिणीवर दोन आकडे असतात, ८x४२ असं, पहिला म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, तो जितका मोठा तितका उजेड जास्त आत येतो. लोक १०x५० घेतात मोठा आकडा बघून, पण ९ वर्षांच्या मुलीच्या हातात ती जड होते आणि १० पट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही १० पट दिसतो. तिच्यासाठी ८x३२ बघा, हलकी असते. दाट झाडीत पहाटे तिला ८x४२ पेक्षा जरा कमी उजेड मिळेल, पण गळ्यात ठेवेल तरी, जड दुर्बीण मुलं दुसऱ्या दिवशी घरी ठेवून येतात. आणि एक गोष्ट दुकानात विचारा, सगळ्यात जवळचं किती फुटांवरचं स्पष्ट दिसतं. सहा फुटांपर्यंत दिसत असेल तर फुलपाखरं पण त्याच दुर्बिणीतून बघता येतात आणि ते दृश्य खरंच वेगळं असतं, पंखांवरचे खवले दिसायला लागतात.

निघायच्या आधी घरी सराव करून घ्या. आधी नुसत्या डोळ्याने पक्षी पकडायचा, नजर तिथंच ठेवायची आणि दुर्बीण उचलून डोळ्यासमोर आणायची. मुलं आधी दुर्बीण लावतात आणि मग शोधतात, मग काहीच सापडत नाही आणि कंटाळतात.

मोबाईलवर मर्लिन अ‍ॅप टाका, आवाज ऐकून नाव सुचवतं, आपल्याकडचे बरेच पक्षी येतात त्यात. गावी रेंज नसेल तर भारताचा पॅक आधीच पुण्याहून डाऊनलोड करून न्या. पक्षी समोर येत नसेल तर त्याचाच आवाज अ‍ॅपवर थोडा वाजवला की येतो बाहेर, मुलीला पटकन दिसेल.

कातळसडा

दादा बाकी सगळं पटलं पण शेवटचं कृपा करून सांगू नका. मे म्हणजे विणीचे दिवस. आवाज वाजवला की नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, तो घरटं सोडून भांडायला येतो, तेवढ्यात अंड्यावर ऊन येतं नाहीतर कावळा येतो. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी फोटोवाले लोक स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याजवळ सकाळभर स्पीकर लावून बसले होते, कपाएवढं घरटं असतं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं. तिसऱ्या दिवशी ते रिकामं होतं. मी ते घरटं बांधताना पहिल्या दिवसापासून बघितलं होतं म्हणून मला ते विसरता येत नाही.

पुणेरी दुर्बीण

बरोबर आहे तुमचं, मला विणीचा मुद्दा लक्षात यायला हवा होता. ताई, आवाज वाजवू नका, नुसता ऐकून ओळखायला अ‍ॅप वापरा.

माळावरचा

कोकणाबद्दल मला माहिती नाही, मी पुरंदरचा, आमच्याकडे झाडी नाही, नुसता माळ. पण हा धागा वाचून देशावरची मंडळी म्हणतील आपल्याकडे उन्हाळ्यात काय बघायचं सगळं करपलेलं असतं, म्हणून लिहितोय, कारण माझ्या मते पक्षी शिकायला माळासारखी जागा नाही, लपायला काही नसतंच त्यांना.

आमच्याकडे सकाळी सहाला चंडोल उभा आकाशात चढतो, गात गात, आणि दिसेनासा होतो आणि मग दगडासारखा खाली येतो. धाविक पळतो, थांबतो, परत पळतो, सहसा उडतच नाही. पण उन्हाळ्यात बघायची खरी गोष्ट म्हणजे पाणवठा. जिथं एखादं शेततळं नाहीतर गुरांसाठीचं पाणी शिल्लक असेल तिथं आठच्या सुमारास लांब बसून राहा. पखुर्ड्या येतात थव्याने, आधी आवाज येतो, मग एकदम उतरतात, घाईघाईने पाणी पितात आणि जातात. ज्यांची पिल्लं असतील ते नर जात नाहीत लगेच, ते पाण्यात उतरून पोट बुडवून हलवत बसतात. पोटाची पिसं स्पंजासारखी भिजवून घेतात आणि मैलभर लांब पिल्लांकडे उडत जातात, पिल्लं त्या पिसांतून पाणी पितात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, मग एका एप्रिलमध्ये डोळ्यांनी बघितलं.

टिटवी पण तेच करते, अंडी उघड्या मुरमावर असतात, उन्हात दगड हाताला चटका देतात तिथं. ती पोट भिजवून येते आणि अंड्यावर बसते, गार करायला. आपण लहानपणापासून ऐकतो की टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, खाली घातली तर कमी. त्याचं खरंखोटं काय असेल ते असो, पण त्यामुळे आमच्या गावात शेतकरी नांगर धरताना टिटवीची अंडी चुकवून जातात, तेवढा तुकडा सोडतात, मी स्वतः दोन वेळा सोडलाय. टिटवी तुमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजा जवळ अंडी आहेत, खाली बघत बघत मागे फिरायचं. अंडी मातीच्याच रंगाची असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

फुलपाखरं मे मध्ये आमच्याकडे कमीच, खोटं कशाला सांगू. रुईवर प्लेन टायगर मात्र बारा महिने.

कढीपत्त्याचं झाड

फुलपाखरं उडताना बघायची तर आहेच पण ताई मुलीला अळ्या दाखवा, ते सकाळी उन्हात न जाता परसात होतं. माझ्या दोन मुलांना मी असंच शिकवलं. प्रत्येक जातीची अळी ठराविकच झाडं खाते, त्यामुळे फुलपाखरू शोधायच्या ऐवजी झाड शोधायचं. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम आणि कॉमन मॉर्मन, रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर इमिग्रंट, आंब्यावरच्या बांडगुळावर जेझबेल, कृष्णकमळावर टॉनी कोस्टर.

कढीपत्त्यावरची छोटी अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट, मधे पांढरा डाग, म्हणून कुणी खात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, पानाच्याच रंगाची. हलकेच काडीने डिवचलं, एकदाच हां, तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. माझा धाकटा त्या वासावरून पानामागची अळी शोधतो आता.

अंड्यापासून फुलपाखरू व्हायला महिनाभर लागतो, तुम्ही तीन आठवडे आहात म्हणजे पहिल्या दिवशी मधल्या वयाची अळी सापडली तर कोष फुटलेला बघून निघता येईल. बरणीत ठेवू नका, झाडावरच राहू दे, फांदीला एक दोरा बांधून खूण करा म्हणजे रोज तीच सापडते. कोषातून बाहेर आल्यावर पंख ओल्या कपड्यासारखे चुरगळलेले असतात, तास-दोन तास ते लटकून वाळवतं, त्या वेळी हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आणि आंब्याच्या पानावर जर हिरवी अळी दिसली जिला दोन्ही बाजूंनी पिसांसारखे काटे आहेत तर ती कॉमन बॅरनची. पानाच्या मधल्या शिरेवर बरोब्बर मधोमध बसते आणि तिच्या पाठीवरची पिवळी रेघ शिरेशी जुळवते. समोर असून दिसत नाही. कातळसडा दादांच्या बागेत भरपूर असतील.

कातळसडा

आहेत, कलमांवर असतात. आंब्याला त्यांचा फारसा त्रास नाही, मी ठेवतो. आणि खाली गळून सडलेल्या आंब्यावर, बोंडूवर (काजूच्या फळावर) जी मातकट फुलपाखरं बसतात त्यात बॅरन असतोच, फुलावर जात नाही तो, रस पितो सडक्या फळाचा. म्हणजे ताई, झाडाखालचा एखादा सडका रायवळ आंबा उचलून फेकू नका, तिथंच राहू द्या आणि नऊ वाजता जाऊन बघा.

वऱ्हाडी पाखरू

आमच्याकडे नागपूरला मे मध्ये ४५ डिग्री, साडेपाचला सूर्य वर आणि आठ वाजता पक्ष्यांचं आटोपलं. मी सकाळी फिरायला जातच नाही, परसात मातीचं पसरट भांडं ठेवतो, दोन बोटं पाणी, मधे एक दगड. दयाळ, बुलबुल, सातभाई, शिक्रा सुद्धा आलाय पाण्यावर. पाणी रोज बदलायचं आणि मांजर दबा धरेल अशा झुडपाजवळ ठेवायचं नाही. ताईंना कोकणात गरज नसेल पण कातळावर जिथं पाणी नाही तिथं ठेवून बघा.

परसातली चिमणी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ८x३२ घेतली. हा सगळा धागा मी तिला वाचून दाखवला, तिने वहीत वेळा लिहून घेतल्यात. जाऊन आल्यावर लिहिते.

परसातली चिमणी

आज २९ मे, उद्या परत निघतोय पण राहवत नाही म्हणून आजच लिहितेय, रेंजसाठी काजूच्या बागेत येऊन बसलेय.

पहिले तीन दिवस तिला पन्नास पावलं चाल आणि थांब हे जमेना, सारखी पुढं पळायची. चौथ्या दिवशी माझी आई बरोबर आली, तिचे गुडघे दुखतात म्हणून ती मुळातच थांबत थांबत चालते, मग तिच्याबरोबर हिला पण थांबावं लागलं आणि त्या दिवसापासून दिसायला लागलं. आई तर नावं वेगळीच सांगते, कस्तुराला ती नुसतं पहाटेचा शीळवाला म्हणते, म्हणते तुझे आजोबा असेच शीळ घालत पाणी शिंपायला जायचे. मी चाळीस वर्षांत हे तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

उंबर आमच्या देवराईच्या कडेलाच निघाला. धनेश दोनदा आला, लांबून. आवाज बरोबर तसाच, तिने माझा हात घट्ट धरला आणि तोंडातून शब्द नाही. मी ढोलीची चौकशीच केली नाही कुणाकडे.

पण तिचं सगळ्यात आवडतं ठिकाण झालं कोंड. रोज सव्वाआठला पोटावर झोपून. कॉमन जे च्या मागून थेंब पडताना तिने मोजले, एका मिनिटात किती, रोजचा आकडा वहीत आहे. एक दिवस आम्ही तशाच पडलेलो असताना स्वर्गीय नर्तक आला, पांढरा, लांब शेपटीचा, समोरच्या फांदीवरून सरळ पाण्यात सूर मारला, परत फांदीवर, परत पाण्यात, चार वेळा, आणि शेपटीच्या दोन फिती ओल्या होऊन चिकटल्या तेव्हा जाऊन पिसं साफ करत बसला. आमच्यापासून फार तर पंधरा फूट. पाण्याचे शिंतोडे दिसले. दुर्बीण गळ्यात होती पण दोघींनी उचलली नाही.

ब्लू मॉर्मन रोज. कढीपत्त्यावर दोरा बांधलेली अळी आठव्या दिवशी गायब झाली, मुलगी फार रडली, मग आईने दाखवलं की शेजारच्या काटकीवर कोष झालाय, अळी चालत तिथं गेली होती. काल सकाळी फुटला, लाइम निघालं.

आता एक प्रश्न राहिला. काल सकाळी, म्हणजे २८ ला, गडग्यापलीकडे पाचोळ्यात एक पक्षी टुणटुण उड्या मारत होता, मैनेपेक्षा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच, पाठ हिरवी, पोट फिकट पिवळट, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा. मग आंब्यावर जाऊन दोन सुरांची शीळ घातली, एक वर एक खाली, मान मागे टाकून. आधीच्या अठरा दिवसांत एकदाही दिसला नाही की ऐकला नाही. ती म्हणते नवरंग, मी म्हटलं विचारते.

कातळसडा

मुलगी बरोबर आहे. नवरंगच. हिवाळा दक्षिणेत, श्रीलंकेपर्यंत काढतो आणि पावसाच्या तोंडावर वीण घालायला आपल्याकडे येतो, म्हणून आधीचे अठरा दिवस नव्हता. रात्रीचा प्रवास करतो, कदाचित त्याच रात्री उतरला असेल. तामिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, सकाळ-संध्याकाळ त्याच सुमाराला ओरडतो. आमच्या बागेत अजून ऐकला नाही मी यंदा. वेळ किती होती ते लिहून ठेवलंय का तिने? पुढच्या वर्षी मला पण ताडून बघता येईल.

पावसाला अजून आठवडा आहे, नाहीतर सुगरणी पण बघून गेला असता. १९३०च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणीच बघत होते, नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन बघते, तिला पटलं तर पुढचं विणतो आणि मग दुसरीसाठी नवीन घरटं सुरू करतो, हे त्यांनी तिथं बसून शोधलं. गणपतीत आलात तर कोंडीवरच्या माडाला लटकलेली घरटी दिसतील.

परसातली चिमणी

लिहिलंय. २८ मे, ६ वाजून १० मिनिटं, गडग्याच्या आत नाही पलीकडे, ढगाळ. खाली आजीची सही पण घेतलीये, तिने पण बघितला म्हणून.